शहाण्या मुलाची काळजी

सोलापूरच्या पूर्व भागातून एका ताईंचे पत्र आले आहे. पती यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत, दारू रोजची आहे आणि ताई विड्या वळून घर चालवतात. नऊ वर्षांची मुलगी शाळेत मारामाऱ्या करते, खोटे बोलते, म्हणून त्या हैराण आहेत. ‘तेरा वर्षांचा थोरला मात्र फार शहाणा आहे. वडील पिऊन आले की गाडीची किल्ली लपवतो, बहिणीला शेजारी नेऊन बसवतो, घरभाड्याचे पैसे दप्तरात सांभाळतो. त्याची काळजी नाही, मुलीचे काय करू?’ असे त्या विचारतात.

ताई, तुमचे पत्र वाचून मला जास्त काळजी वाटली ती थोरल्याचीच. मुलगी राग आणि भीती बाहेर काढते, म्हणून ती सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. मुलगा तेच सारे गिळतो आणि त्याबद्दल शाबासकी मिळवतो. जिन्यावरच्या पावलांवरून आज वडील किती प्यायले आहेत हे त्याला कळते, असे तुम्ही कौतुकाने लिहिले आहे. पण रोज संध्याकाळी कान दाराकडे लावून बसलेल्या मुलाचे ना अभ्यासात लक्ष लागत, ना त्याला धड झोप लागत, आणि ही सावधगिरी एकदा अंगात मुरली की वडील घरात नसतानाही ती सुटत नाही. अशा घरांतल्या मुलांवर आयुष्यभर काम केलेल्या क्लॉडिया ब्लॅक यांनी म्हटले आहे की, बोलायचे नाही, विश्वास ठेवायचा नाही, भावना जाणवू द्यायच्या नाहीत, हे नियम ही मुले कोणी न शिकवता शिकतात. मोठेपणी मग त्यांना मदत मागणे जमत नाही आणि कोणी नुसता आवाज चढवला तरी चूक आपलीच असे वाटते.

मुलेही बापाच्याच वळणावर जातील, ही धास्ती मात्र सोडा. त्यांना व्यसनाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरे, तरी बहुतेक मुले व्यसनी होत नाहीत. घरातले एक माणूस भरवशाचे असले तरी फार फरक पडतो.

आजपासून किल्ली आणि पैसे तुमच्या ताब्यात घ्या. ‘आता तूच घरातला कर्ता’ हे वाक्य नातेवाइकांनाही बोलू देऊ नका. दोघांना जवळ बसवून स्पष्ट सांगा, की बाबांना दारूचा आजार आहे, तो तुमच्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणे हे तुमचे काम नाही. मुलीच्या वर्गशिक्षिकेलाही थोडी कल्पना द्या, म्हणजे तिच्या वाट्याला नुसती शिक्षा येणार नाही.

पती शुद्धीत असतानाच उपचाराचा विषय काढा. रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, म्हणून शपथा घालून घरीच सोडवू नका. सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतून बोलता येते. दारुड्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली सुरू झालेल्या अल-अनॉनच्या बैठका भारतातही होतात, त्यांचीही चौकशी करा. मुलांवर हात उठला तर मात्र चर्चेत वेळ घालवू नका, १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी किंवा ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावा.

मुलगा सुरुवातीला चिडेल, किल्ली परत मागेल. त्याला रागवू नका, पण किल्ली देऊ नका.