शेक्सपिअरच्या नाटकात लिंबू कुठून आलं?

प्रश्न: मुलीला कॉलेजात 'ट्वेल्फ्थ नाइट' आहे. त्यात सर अँड्र्यू विदूषकाला विचारतो, तुझ्या 'लेमन'साठी सहा पेन्स पाठवलेले, मिळाले का? गाइडमध्ये अर्थ दिलाय 'प्रेयसी'. लिंबू आणि प्रेयसी, हे काय गणित आहे?

उत्तर: लिंबाचा काहीच संबंध नाही हो! फळाचा लेमन अरबीतून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, त्याच्या स्पेलिंगात शेवटच्या 'एन'आधी 'ओ' आहे आणि प्रेयसीवाल्या लेमनच्यात 'ए'. हा नाटकातला अगदी घरचा, जुन्या इंग्रजीतला 'लेओफ' म्हणजे लाडका आणि 'मान' म्हणजे माणूस, मग बोलता बोलता मधला 'फ' गळाला आणि उरलं लेमन. 'मान' तेव्हा बाई-पुरुष दोघांनाही चालायचं, म्हणून प्रियकरही लेमन आणि प्रेयसीही लेमन. आणि गंमत बघा, या 'लेओफ'चं मूळ आणि संस्कृत 'लुभ्'चं मूळ एकच, म्हणजे आपण पत्राखाली 'लोभ असावा' लिहितो ना, तो लोभ याचा लांबचा भाऊबंद निघाला.

सुरुवातीला शब्द एकदम सोवळा होता, मध्ययुगातल्या भक्तिगीतांत चक्क येशूलाही लेमन म्हटलंय. मग घसरला. १४०० साली वारलेला इंग्रजी कवी चॉसर एका कथेत सरळ बोलून दाखवतो की भानगड तीच, पण बाई मोठ्या घरची असली की ती 'लेडी' आणि गरिबाची असली की 'वेंच' नाहीतर 'लेमन'. (सहाशे वर्षं झाली, फार काही बदललंय असं मला तरी वाटत नाही.) शेक्सपिअरने १६०१च्या सुमारास नाटक लिहिलं तोवर शब्दाला हा वास चिकटलेलाच होता, त्यामुळे 'प्रेयसी' जरा जास्तच गोड होतं, 'तुझ्या त्या बाईसाठी' असं काहीतरी जवळचं वाटेल, मुलीला पेपरात दोन्ही अर्थ लिहायला सांगा.

'पॅरामूर' (लग्नाबाहेरचा प्रियकर किंवा प्रेयसी) या इंग्रजी शब्दाचंही असंच झालं. मूळ फ्रेंच 'पार आमूर', म्हणजे प्रेमापोटी, तोही एकेकाळी देवाधर्माच्या कवितेत असायचा आणि आता आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात बघाल तर तो फक्त क्राइमच्या बातमीत, नवऱ्याचा खून वगैरे असला की.