लॅपटॉप सुरू केल्यावर वायफाय जोडायला दोन-तीन मिनिटं लागतात, राउटर बदलू का?

राउटरचा खर्च तूर्त थांबवा. तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ चा लॅपटॉप सकाळी सुरू केला की वायफाय दोन-तीन मिनिटं रखडतं, मग दिवसभर काही तक्रार नसते, आणि त्याच वेळी फोनवर मात्र सगळं व्यवस्थित चालतं. मग दुखणं बहुधा लॅपटॉपचंच. ऑफिसात अशा तक्रारी माझ्याकडे सारख्या येतात आणि मी आधी एकच गोष्ट करायला सांगतो: शटडाउनऐवजी रीस्टार्ट करा आणि वायफाय किती वेळात येतं ते बघा.

रीस्टार्टनंतर झटकन आलं आणि शटडाउन करून सुरू केल्यावरच रखडत असेल, तर संशय फास्ट स्टार्टअपवर. ही सोय विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. ती चालू असली की शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नसतंच. तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (वायफाय कार्डासारखे भाग चालवणारी छोटी सॉफ्टवेअर) ज्या स्थितीत असतील तसेच डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात. स्क्रीन लवकर येते खरी, पण मधल्या काळात वायफाय कार्डाची वीज गेलेली असते आणि ड्रायव्हर कालच्याच समजुतीत जागा होतो. चांगला ड्रायव्हर हे निभावून नेतो, एखादा चाचपडत बसतो. रीस्टार्टमध्ये हा आडमार्ग नसतो, सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

खात्री करायला सेटिंगला हातसुद्धा लावायला नको. शिफ्ट दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा, तेवढ्या एका वेळेपुरतं पूर्ण बंद होईल. दोन-तीन दिवस असं करून फरक पडला तर कायमचं बंद करा: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. तिथली फास्ट स्टार्टअपची खूण फिकी दिसेल. वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक केलं की काढता येते. एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) असेल तर सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील, बस. माझ्या मते या सोयीची एसएसडीवाल्यांना फारशी गरजच नाही.

याने फरक पडला नाही तर वायफायचा ड्रायव्हर बघा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर आपलं मॉडेल टाकून तिथलाच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नका. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (स्टार्ट मेनूत शोधा) 'रोल बॅक ड्रायव्हर' करून, म्हणजे आधीचा ड्रायव्हर परत आणून बघा.

आता जरा वेगळी शक्यता. वायफायची खूण लगेच येते पण इंटरनेट नाही, असं होतंय का? तसं असेल तर त्याच क्षणी कमांड प्रॉम्प्टमध्ये (स्टार्ट मेनूत cmd शोधा) 'आयपीकॉन्फिग' (ipconfig) टाइप करून एंटर दाबा. आयपीव्ही४ पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि विंडोजने स्वतःच एक लावून घेतलाय. सेटिंगमध्ये जाऊन ते नेटवर्क 'फर्गेट' करा, राउटर एकदा बंद-चालू करा आणि पासवर्ड टाकून नव्याने जोडा. पत्ता बरोबर आहे पण पान उघडत नाही, तर टास्क मॅनेजर (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा) उघडून डिस्कचा रकाना बघा. जुनी हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर तिथे सुरुवातीची काही मिनिटं १०० टक्के दिसतं. अँटीव्हायरस, क्लाउड सिंक, मीटिंगचं अ‍ॅप सगळे एकदम धावत असतात आणि शिव्या खातं वायफाय. त्याच टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप अ‍ॅप्समधून नको ते बंद करा.

एक विचारायचं राहिलं: रात्री बोर्डाचं बटण बंद करून झोपता का, आणि राउटरही त्याच एक्स्टेन्शनवर आहे का? मग तो लॅपटॉपच्या बरोबरीनेच जागा होत असणार (फोन तेव्हा मोबाइल डेटावर चालत असेल), आणि फायबरच्या डब्यालाही लाइन धरायला वेळ लागतो. राउटर चालूच ठेवा, वीज फार खात नाही.

इतकं करूनही अडलं तर कुणाकडून यूएसबी वायफाय डाँगल (यूएसबीत खोचायचं छोटं वायफाय उपकरण) एक दिवस मागून आणा. त्यावर लगेच जोडलं गेलं तर आतलं कार्ड बदलायचं किंवा सरळ डाँगलच घ्यायचा. पण कार्ड घेण्याआधी ते मदरबोर्डला (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डाला) सोल्डर करून कायमचं जोडलेलं नाही ना, हे दुकानदाराला विचारा. काही पातळ लॅपटॉपमध्ये ते निघतच नाही.