बांधावरची हरळी

प्रिय डॉक्टर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

'हृदय म्हणजे पंप, मूत्रपिंड म्हणजे गाळणी' असे म्हटले की रुग्णाला आजार चटकन समजतो, असे तू लिहिले आहेस. ते खरेच आहे. उपमेवाचून आपले पानही हलत नाही. हातापायांना येणाऱ्या 'मुंग्या' तर आपण केसपेपरवरही तशाच उतरवतो. मात्र आपण दिलेली उपमा रुग्ण घरी घेऊन जातो आणि पुढचे निर्णय तिच्याच आधाराने घेतो, हे मला फार उशिरा कळले, म्हणून हे पत्र.

पुष्कळ वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या एका ऊस बागायतदाराला मी सांगितले की, हृदयाच्या नळीत गाळ साचला होता, जाळी बसवून ती मोकळी केली आहे. त्याच्या शेतात ठिबक होते. नळ्यांत क्षार धरले की आम्ल सोडायचे, टोकाचे बूच काढून पाणी वाहू द्यायचे आणि नळी मोकळी झाली की ते काम संपले, हा त्याचा नेहमीचा अनुभव. त्या हिशेबाने दोन महिन्यांनी त्याने गुठळी रोखणाऱ्या दोन्ही गोळ्या बंद केल्या. त्यातच सगळ्यांप्रमाणे मीही त्या गोळ्यांना 'रक्त पातळ करणाऱ्या' म्हटले होते, त्यामुळे रक्ताचे पाणी झाले तर अंगात ताकद कशी राहणार, ही धास्तीही त्याला होती. जाळीत गुठळी होऊन तो पुन्हा दाखल झाला आणि थोडक्यात बचावला. त्याचा तर्क चोख होता. चूक माझ्या उपमेची होती.

चरबी साचते ती रोहिणीच्या, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीच्या, भिंतीत, आणि झटका बहुतेकदा येतो तो हा थर फुटून त्यावर रक्त गोठल्यामुळे. त्या गोळ्याही रक्त पातळ करत नाहीत, त्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटू देत नाहीत. 'गाळ' हा शब्द डॉक्टरांनाही चकवतो; नळी मोकळी केली की धोका टळला, असे वाटते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'करेज' या वैद्यकीय अभ्यासात स्थिर हृदयविकाराचे, म्हणजे ऐन झटक्यात नसलेले, २,२८७ रुग्ण होते. उत्तम औषधोपचारांच्या जोडीला जाळी बसवल्याने त्यांच्यातले मृत्यू किंवा झटके कमी झाले नाहीत. ऐन झटक्यात मात्र हीच जाळी जीव वाचवते, हे विसरू नकोस.

युद्धाच्या उपमेबद्दल थोडेच सांगतो. 'कर्करोगाशी झुंज अपयशी' असा मथळा वाचणाऱ्या पत्नीला त्यात आपला माणूस कमी पडल्याचे ऐकू येते. रुग्णाने स्वतः तो शब्द आणला तर जरूर वापर, आपण होऊन लादू नकोस.

त्या बागायतदाराला दुसऱ्या वेळी मी उपमा दिलीच नाही. भिंत, फुटलेला थर, जाळी आणि तिच्यावर अस्तर चढायला लागणारे महिने, हे सगळे सरळ सांगितले आणि विचारले, "आता तुम्ही सांगा, आत काय झालंय?" तो बराच वेळ चादरीची दुमडलेली कड सारखी करत बसला. मग म्हणाला, "म्हणजे फुटलेल्या बांधावर नवी माती टाकलीय, पण अजून हरळी धरली नाही. धरेपर्यंत जपायचं." मी त्यात एवढीच भर घातली की, हरळी धरल्यावरही दोनपैकी एक गोळी कायम घ्यायची आहे.

तुझा हितचिंतक