ब्रुसेल्लाची तपासणी: रक्त द्यावे का, आणि गाय पॉझिटिव्ह आली तर पुढे काय?

प्रश्न: सातव्या महिन्यात गाय गाभडली. दवाखान्यातून गोठ्यातल्या सगळ्या जनावरांचे रक्त मागितले आहे. पॉझिटिव्ह आली तर सरकार गाय नेणार का? तपासणी नाकारली तर चालेल का?

उत्तर: ब्रुसेल्ला म्हणजे जनावरांना गाभडवणारा आणि माणसालाही होणारा जंतूंचा रोग. याच महिन्यात असेच चार फोन आले, म्हणून सविस्तर सांगतो.

गाय सरसकट नेत नाहीत. ऑस्ट्रेलियाने तपासणी करून बाधित जनावरे कापली आणि १९८९ मध्ये देश गाईंच्या ब्रुसेल्लापासून मुक्त केला. आपल्याकडे तो मार्ग नाही. सप्टेंबर २०१९ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा भर लसीवर आहे: ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना आयुष्यात एकदाच, मोफत. गोऱ्ह्याला ही लस द्यायची नाही, गाभण जनावरालाही नाही. लस जिवंत जंतूंची असते, त्यामुळे टोचताना लहान मुलांना जवळ उभे करू नका. कानातला १२ अंकी बिल्लाही काढू नका, लसीची आणि तपासणीची नोंद त्यावरच होते.

तपासणी नाकारू नका. २००९ च्या पशुरोग कायद्यानुसार अशा रोगाची शंका आली तरी कळवणे मालकावर बंधनकारक आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तोटा तुमचाच आहे. चाचणी साधी असते: पांढऱ्या पट्टीवर रक्तजलाचा एक थेंब, त्यात गुलाबी द्रावणाचा एक थेंब, चार मिनिटे हलवायचे. दाणे धरले तर पॉझिटिव्ह. गाभडल्यावर लगेच केलेली चाचणी कधी कधी चुकून निगेटिव्ह येते, म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. एका निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका.

पॉझिटिव्ह गाय बाजारात विकू नका, हे मी हात जोडून सांगतो. त्या गाईवर खात्रीचा औषधोपचार नाही, आणि घेणाऱ्याला काही कळतच नाही. पुढच्या वेताला ती दिसायला नीट विते. पण वारेतून, स्रावातून आणि दुधातून जंतू टाकत राहते. तिला वेगळे बांधा, चारा-पाणी वेगळे ठेवा, विण्याची जागा तर नक्कीच वेगळी हवी. गावच्या वळूला दाखवू नका. नवीन जनावर घेताना आधी रक्त तपासून घ्या आणि आणल्यावर महिनाभर कळपात मिसळू नका.

खरा धोका वार काढताना असतो. वार अडकली की घरातला कुणीतरी बाही वर सारून उघड्या हाताने ओढतो, मग त्याच हाताने दुसरी गाय पिळतो. हे मी अनेक गोठ्यांत पाहिले आहे. वार अडकली तर आम्हाला बोलवा. पडलेली वार आणि गर्भ हातमोजे घालून उचला, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका. ती जागा जंतुनाशकाने धुवा. गर्भ टाकून देण्याआधी फोन केलात तर नमुना घेता येतो, आणि गाभडण्याचे कारण पक्के कळते.

दूध चांगली उकळी आल्याशिवाय कुणालाही देऊ नका. घरात कुणाला ताप येत-जात असेल, रात्री घाम सुटत असेल, सांधे धरले असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा, ‘आमची गाय गाभडली होती.’ हे सांगितले नाही, तर साधा ताप समजून महिने जातात.