मोसंबीचा रस आणि रक्तदाबाची गोळी

प्रश्न : माझे वय 61 आहे. रक्तदाबासाठी मी रोज सकाळी ॲम्लोडिपिनची 5 मिलिग्रॅमची गोळी घेतो. आमची मोसंबीची बाग आहे, पण या गोळीवर लिंबूवर्गीय फळे चालत नाहीत असा संदेश मोबाइलवर आल्यापासून घरच्यांनी माझा रस बंद केला आहे. गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणतो आणि नायट्यासाठी नुकत्याच इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सुरू केल्या आहेत. आठवडाभरापासून संध्याकाळी घोट्यांवर सूज दिसते. रस सोडावा का?
– एक वाचक, अंबड तालुका, जि. जालना

उत्तर : रस सोडण्याचे कारण नाही. तो इशारा ग्रेपफ्रूट या पपनसासारख्या लिंबूवर्गीय फळाबद्दलचा आहे. त्या फळातील द्रव्ये आतड्यातील औषध मोडणारे विकर (एन्झाइम) निकामी करतात, त्यामुळे रक्तदाबाच्या फेलोडिपिनसारख्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण बरेच वाढते. ॲम्लोडिपिनवर मात्र हा परिणाम किरकोळ असतो. जालन्याची मोसंबी गोड संत्र्याच्या जातीची असून तिच्याबाबत ही अडचण नाही. मधुमेह असेल तर रसाचा विचार निराळा करावा लागेल.

आपल्या पत्रात मला खटकले ते इट्राकोनॅझोल, ज्याचा आपण जाता जाता उल्लेख केला आहे. हे औषध तेच विकर यकृतातही रोखते, म्हणून ॲम्लोडिपिन शरीरात साचून रक्तदाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो आणि सूज वाढते. शिवाय ते स्वतःही हृदयाच्या आकुंचनाचा जोर कमी करू शकते. घोट्यांची सूज एकट्या ॲम्लोडिपिननेही येते, पण वेळ पाहता या कॅप्सूलवर संशय घेणे भाग आहे. डायक्लोफिनॅक मूत्रपिंडाकडून मीठ-पाणी अडवून ठेवते आणि रक्तदाब चढवते, म्हणजे एक गोळी जे कमावते ते दुसरी घालवते. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल किंवा लावायचे मलम चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नये. सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जावे आणि कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन चालू असल्यास तेही दाखवावे, कारण ॲम्लोडिपिनसोबत त्याची मात्रा दिवसाला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. आडवे झाल्यावर दम लागत असेल किंवा उठताना अंधारी येत असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा.