रानडुकराला कॉलर लावत बसण्यापेक्षा मारून रक्त तपासणं सोपं नाही का?

(प्रश्न गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू बागायतदाराचा: बागेत रानडुकरं येतात, आफ्रिकन स्वाइन फिवरसारख्या रोगाच्या अभ्यासासाठी त्यांना कॉलर, म्हणजे मानेला रेडिओ-यंत्राचा पट्टा, लावतात असं ऐकलं, ती लावतात कशी, आणि त्यापेक्षा मारून तपासलं तर काम लवकर उरकणार नाही का?)

लवकर उरकेल, पण काम होणार नाही. मेलेलं डुक्कर फक्त त्या दिवसापुरतं बोलतं. रक्तात अँटिबॉडी सापडल्या तर त्याला कधीतरी लागण होऊन गेली एवढंच कळतं. कुठे लागली, कुणाकडून लागली, ते जनावर काल कुठल्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) होतं आणि परवा कुठल्या उकिरड्यावर, हे रक्ताला विचारून मिळत नाही. हाच वाद आमच्या गावातल्या एका जुन्या पारध्याशी किती वर्षं चाललाय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी पकडणं. पिंजरा नको, गोल कुंपणाचा सापळा करा. चौकोनात घाबरलेला कळप कोपऱ्यात एकमेकांवर चढतो, खालची पिल्लं गुदमरतात आणि वरची बाहेर उडी टाकतात. उंची दीड मीटर तरी हवी आणि जाळीची खालची कड जमिनीत पुरलेली हवी, नाहीतर नाकाडाने उचकटून निघून जातात. आमिषाला दोन-तीन दिवस पाण्यात आंबवलेला मका चालतो. काजूच्या ऐन मोसमात मात्र सापळा लावू नका. बागभर बोंडू पडलेले असताना तुमच्या मक्याला कोण विचारतो? बोंडू संपून पाऊस सुरू होईपर्यंतचे मेअखेरचे दिवस खरे कामाचे.

पहिले आठ-दहा दिवस दार वर बांधूनच ठेवायचं आणि कॅमेऱ्यात बघत राहायचं. पिल्लं पहिल्याच रात्री आत शिरतात, थोराड मादी सगळ्यात शेवटी. तिला आत येऊ न देता दार पाडलंत तर ती त्या जागेकडे पुन्हा फिरकत नाही, आणि कळप तिच्या मागे असतो. कॉलर तिलाच लावायची, म्हणजे एका यंत्रात अख्ख्या कळपाची वाट कळते. मोठा नर एकटा फिरतो, त्याचा हिशेब वेगळा.

भूल पशुवैद्यच देणार, त्यामुळे औषधाचं प्रमाण इथे लिहीत नाही. चुका मात्र ठरलेल्या. सुई आखूड असली की औषध चरबीत बसतं, जनावर उभंच राहतं, आणि घाईने दुसरा डार्ट (भुलीची उडती सुई) मारला की मग दोन्ही एकदम चढतात. कानामागचा मानेचा स्नायू धरायचा. डुकराला घाम येत नाही, म्हणून सगळं पहाटे उरकायचं. डोळ्यांवर फडकं बांधायचं, दर पाच मिनिटांनी गुदद्वारातून ताप मोजायचा. ४० अंशांच्या वर गेला की कानांवर, पोटावर आणि जांघेत पाणी. ४१ झाला तर कॉलर विसरा, जनावर वाचवा.

रक्त दोन नळ्यांत घ्यायचं. लाल बुचाची नळी उभी, सावलीत, रक्त गोठेपर्यंत. जांभळ्या बुचाची आठ-दहा वेळा हलकेच उलटीपालटी करून थेट थंड पेटीत. बर्फाला नळी चिकटू द्यायची नाही. लाल नळी न गोठता जीपमध्ये टाकून घाटरस्त्याने आणली की रक्तपेशी फुटतात आणि सीरम (गोठलेल्या रक्तावर सुटणारं पाणी) लालभडक होतं. ते तपासणीला जवळजवळ वाया. अंगावरच्या गोचिडी वेगळ्या: जात ओळखायची तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये, त्यांच्यातला विषाणू शोधायचा तर अल्कोहोल नाही, थंड साखळीत.

आता कॉलरचं दुखणं. डुकराची मान डोक्यापेक्षा जाड, पुढे निमुळती. म्हणजे निसटू नये इतका घट्ट पट्टा मानेला काचतो आणि काचू नये इतका सैल पट्टा निसटतो. वाढत्या पिल्लाला तर लावूच नका, पट्टा मांसात रुततो. आमची एक मादी मेअखेर पकडलेली, बोंडू आणि फणस खाऊन लठ्ठ झालेली. नियमाप्रमाणे दोन बोटांची जागा सोडून पट्टा आवळला, कानात पिवळा बिल्ला मारला. जुलैत कॉलरचा 'मृत' संदेश सुरू झाला. जनावर ठरावीक वेळ हललं नाही की टिकटिक दुप्पट वेगाने येते, तो हा संदेश. सुरुवातीला ती वेळ सहा तासांची होती. डुक्कर दिवसभर झुडपात पडून राहतं, त्यामुळे रोज दुपारी 'मेली' आणि रोज संध्याकाळी जिवंत! म्हणून पुढच्या कॉलरना २४ तास ठेवले होते, आणि ही त्यातलीच.

पावसाळ्यात ओल्या पानांतून सिग्नल मरतो आणि दरीत कड्यावर आपटून भलत्याच दिशेने येतो. सिग्नल कुठून येतो याच्या खालून घेतलेल्या तीन दिशा नकाशावर एका जागी जुळेनात. वरच्या सड्यावरून अर्ध्या तासाच्या आत नव्याने तीन घेतल्या, त्यातल्या दोन जवळजवळ काटकोनात, तेव्हा जागा सापडली. मेलेल्या जनावराच्या प्लीहेचा तुकडा तपासणीला घ्यायची तयारी करून गेलो, तर लोळणीच्या चिखलात नुसती कॉलर. बोल्ट जागच्या जागी, पट्टा बंद, आत चार राठ केस. मादी व्यायली असणार, दूध पाजून वाळली आणि दोन बोटांची जागा चार बोटांची झाली. पट्टा बांधताना फक्त त्या दिवसाची मान मोजली, दोन महिन्यांनंतरची नाही, ही आमची चूक.

पारधी म्हणाला, "गेली ना मेहनत पाण्यात? तेव्हाच गोळी घातली असती तर?"

पंधरा दिवसांनी तोच पिवळा बिल्ला कॅमेऱ्यात आला, मागे पट्टेरी पिल्लं. जागा होती गावाबाहेरचा उकिरडा, जिथे लग्नाच्या जेवणाचं उरलंसुरलं टाकतात आणि गावची पाळीव डुकरंही चरतात. कॉलरच्या आधीच्या नोंदींत रात्रीचे ठिपके तिथेच दाटलेले होते, आम्ही त्यांना ओढ्याची वाट समजलो होतो. रोगाच्या दृष्टीने हीच जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि ती गोळी घालून कळली नसती.

आफ्रिकन स्वाइन फिवर भारतात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला. माणसाला होत नाही, पण डुक्कर क्वचितच वाचतं, आणि विषाणू मेलेल्या जनावरात, खारवलेल्या मांसातही टिकतो. अशा वेळी हाकारा घालून शिकार केली की कळप पांगतो आणि रोग शेजारच्या खोऱ्यात जातो. चेक प्रजासत्ताकात झ्लीन भागात २०१७ मध्ये हा रोग आला तेव्हा गाभ्यातल्या भागात आधी शिकारच बंद केली, कुंपण घातलं, मेलेली जनावरं शोधून उचलली. नेमबाज नंतर आणले. साधारण वर्षभरात आवरलं.

राहिली तुमची काजू. कॉलरने बाग वाचणार नाही, त्याला सौर कुंपण लागतं आणि खालची तार जमिनीपासून वीतभर वर लागते. फासकी लावू नका, त्यात बिबटे अडकतात. आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सापळा लावणं आणि आमिष टाकणंसुद्धा शिकारच. संशोधनासाठी कलम १२ खाली, पिकाच्या नुकसानीसाठी कलम ११ खाली परवानगी लागते. रेडिओच्या लहरींचा परवाना वेगळा. माझं वाचून एकट्याने कुणी सापळा बांधू नये.

बागेत मेलेलं डुक्कर दिसलं तर हात लावू नका, कुत्री बांधून ठेवा, फोटो आणि जागा पशुसंवर्धन खात्याला कळवा. जवळच माकडही मेलेलं असेल तर आरोग्य केंद्रालाही. सत्तरीत २०१५ मध्ये पाली गावात माकडताप आला होता, तो गोचिडीतून येतो. पायजमा मोज्यात खोवा, घरी आल्यावर कपडे उकळत्या पाण्यात टाका. कुजलेलं जनावर बघून "आता काय उपयोग" म्हणून पुरून टाकू नका. लांब हाडातल्या मज्जेतून पशुवैद्य अजून नमुना काढू शकतात.