वाचकांचे प्रश्न : पिन तिरकी धरली तरच लॅपटॉप चार्ज होतो

प्रश्न : आमचा लॅपटॉप सहा-सात वर्षांचा जुना असून त्याचा चार्जर गोल पिनेचा आहे. दोन महिन्यांपासून पिन किंचित वर उचलून धरली तरच चार्जिंगचा दिवा लागतो, म्हणून माझी मुलगी पिनेखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून काम भागवते. दुरुस्तीच्या दुकानात दाखवले असता मदरबोर्ड बदलावा लागेल असे सांगण्यात आले. तो खर्च ऐकून नवा लॅपटॉप घेणेच बरे, असे वाटू लागले आहे. दोष नेमका कुठे आहे, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : पुठ्ठ्याची ती घडी कृपया आजच काढून टाका. नेहमीच्या 65 वॅटच्या चार्जरमधून साधारण 19.5 व्होल्ट दाबाने 3.3 अँपिअरपर्यंत वीजप्रवाह जातो. पिन आणि पोर्टमधील, म्हणजे पिन जिथे खोचतो त्या खाचेतील, पत्ती एकमेकींना पूर्ण न टेकता जेमतेम स्पर्श करत असतील आणि त्या जागी केवळ अर्धा ओहम रोध निर्माण झाला असेल, तरी काडेपेटीतील काडीच्या गुलाइतक्या त्या जागेत पाच वॅटहून अधिक उष्णता तयार होते. या उष्णतेने आधी पत्तीचा ताण जातो, मग भोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडते आणि शेवटी मदरबोर्डवरचा डाख (सोल्डर) सुटतो. आज काही शे रुपयांत सुटू शकणारा दोष पुढे खरोखरच मदरबोर्डपर्यंत पोहोचतो, तो असा.

मदरबोर्डचा निर्णय मान्य करण्यापूर्वी दोष चार्जरमध्ये आहे, पोर्टमध्ये आहे की त्याच्या पलीकडे, हे क्रमाने तपासायला हवे. पिन पोर्टमध्ये घट्ट धरून फक्त वायर पिनेच्या मानेजवळ हळू वाकवून पाहा. दिवा लुकलुकला, तर वायर आतून तुटलेली आहे आणि पोर्टचा काही दोष नाही. वायर स्थिर ठेवून पिन हलवल्यावरच दिवा लुकलुकत असेल, तर संशय पोर्टवर जातो. त्याच प्रकारच्या लॅपटॉपचा, तितक्याच व्होल्टचा आणि निदान तितक्याच वॅटचा दुसरा चार्जर लावून पाहता आला, तर शंका जवळजवळ मिटते.

घरी मल्टिमीटर (विजेचा दाब मोजण्याचे यंत्र) असल्यास तो डीसी 200 व्होल्टच्या खुणेवर ठेवावा, कारण 20 च्या खुणेवर हे माप अगदी कडेला येते. लाल टोक पिनेच्या पोकळीच्या आतल्या धातूला आणि काळे टोक बाहेरच्या धातूला लावावे. चार्जरवर छापलेल्या आकड्याच्या आसपासचा आकडा दिसायला हवा. डेल आणि एचपीच्या अनेक चार्जरमध्ये पोकळीच्या मधोमध एक बारीक तार असते. ती वीज पुरवत नाही, तर हा चार्जर कोणत्या क्षमतेचा आहे हे लॅपटॉपला कळवते. मोजताना लाल टोक या तारेला आणि भोवतीच्या धातूला एकाच वेळी टेकले, तर चार्जरमधील ओळख सांगणारा सुटा भाग जळू शकतो, म्हणून हात स्थिर नसेल तर हे माप कारागिराकडूनच घ्यावे. हीच तार तुटली असेल तर लॅपटॉप चालतो, परंतु बॅटरी चार्ज होत नाही आणि सुरू करताना चार्जर ओळखता येत नसल्याचा संदेश दिसतो. अशा वेळी निष्कारण पोर्ट बदलले गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : वायरमधील बहुतेक धागे तुटले असले, तरी भार नसताना, म्हणजे चार्जर लॅपटॉपला जोडलेला नसताना, मीटरवर आकडा बरोबर येतो. त्यामुळे आकडा बरोबर आला म्हणजे चार्जर निर्दोष ठरला, असे नाही.

आता पोर्टकडे वळू. लॅपटॉप बंद करून आणि चार्जर काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहा. मधली पिन वाकलेली, पत्ती चपटी झालेली, प्लास्टिक तपकिरी पडलेले किंवा धातूवर हिरवट थर आलेला दिसतो का? कोकणच्या दमट हवेत हा हिरवा थर लवकर धरतो. धूळ आणि कापसासारखी लव लाकडी टूथपिकने हलकेच काढावी आणि 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या बारीक ब्रशने पोर्ट पुसून अर्धा तास वाळू द्यावा. सुई, टाचणी किंवा तारेचा तुकडा आत कधीही घालू नये. 2021 च्या जुलैतील पुरात हा लॅपटॉप भिजला असेल, तर ते कारागिराला आवर्जून सांगा. गंज पोर्टच्या मागे बोर्डवरही पसरलेला असू शकतो.

यानंतर दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : पोर्ट सुटा आहे की मदरबोर्डवर सोल्डर केलेला? पुष्कळ लॅपटॉपमध्ये गोल पिनेचा पोर्ट एका छोट्या केबलच्या टोकाला असतो आणि ती केबल मदरबोर्डवर नुसती खोचलेली असते. ही केबल बदलण्यासाठी सोल्डरिंग लागत नाही. मागचे झाकण उघडायचे, सर्वात आधी बॅटरीची जोडणी काढायची, मग जुनी केबल काढून नवी बसवायची. डेल, एचपी आणि लेनोव्हो या कंपन्या आपल्या मॉडेलांच्या दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळांवर विनामूल्य देतात. तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक घालून ती पुस्तिका पाहिली, की आपल्या लॅपटॉपमधील रचना कोणती, हे आपले आपल्यालाच कळते. झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, तर काम तिथेच थांबवावे.

पोर्ट बोर्डवर सोल्डर केलेला असेल, तर ते काम घरी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोर्डमधील तांब्याचे थर उष्णता शोषून घेतात, कारखान्यातील शिसेविरहित डाख सुमारे 217 अंश सेल्सिअसला वितळतो, आणि तो पुरता वितळण्याआधी पोर्ट ओढला तर भोकाच्या आतले तांब्याचे अस्तरच उपसून येते. जाणता कारागीर आधी त्यात 183 अंशांना वितळणारा शिसेयुक्त डाख मिसळतो आणि मग पोर्ट सैल करतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात गेल्यास सुटे भाग मिळतात आणि बोर्डपातळीवर काम करणाऱ्यांची चौकशीही करता येते.

चांगला पोर्ट बसवल्यावर त्याच्या मागच्या बाजूला पूर्ण 19 व्होल्ट पोहोचत असूनही चार्जिंग होत नसेल, तरच दोष मदरबोर्डच्या चार्जिंग सर्किटमध्ये शोधायचा. तेव्हाही बहुधा एखादा फ्यूज, मॉस्फेट (वीजप्रवाह चालू-बंद करणारा छोटा भाग) किंवा चार्जिंगची आयसी (चिप) बदलून काम होऊ शकते. ज्याने मदरबोर्ड बदलायला सांगितले, त्याला हे माप आपल्यासमोर घेऊन दाखवण्याची विनंती करा. पिन तिरकी धरल्यावर आपला लॅपटॉप अजून चार्ज होतो, म्हणजे पुढचे सर्किट बहुधा शाबूत आहे. नव्या लॅपटॉपचा विचार आपण तूर्त बाजूला ठेवावा.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट आहे. पिन एका बाजूने लावली तर चार्जिंग होते, उलटी करून लावली तर होत नाही. तसेच मोबाइलबरोबर आलेल्या केबलने चार्जिंग फारच हळू होते. पोर्ट बदलावा का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी असावीत. टाइप-सी पोर्टमध्ये 24 संपर्कबिंदू असतात, आणि त्यांपैकी दोन बिंदू चार्जर व लॅपटॉप यांच्यातील बोलणीसाठी राखलेले असतात. ही बोलणी होईपर्यंत चार्जर केवळ 5 व्होल्ट देतो. लॅपटॉपने मागणी केल्यावरच दाब 20 व्होल्टपर्यंत चढतो. पिन ज्या बाजूने लावली जाते, त्यानुसार या दोहोंपैकी एका बिंदूचा उपयोग होतो. त्यामुळे एकावर मळ बसला किंवा तो झिजला, तर नेमके आपण वर्णन केले आहे तसे घडते. आधी दुसरी केबल लावून पाहा, कारण हाच दोष केबलच्या टोकातही असू शकतो. मग वर सांगितल्याप्रमाणे पोर्ट साफ करा. मात्र मधली जीभ अतिशय पातळ असल्याने तिच्यावर दाब देऊ नका.

मोबाइलच्या केबलची गोष्ट सरळ आहे. साधी केबल 3 अँपिअरपर्यंतच प्रवाह नेते, म्हणजे 20 व्होल्टला फार तर 60 वॅट. त्याहून अधिक शक्तीसाठी 5 अँपिअरची, ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. त्यातच चार्जरही मोबाइलचाच वापरत असाल, तर त्याची क्षमता लॅपटॉपला पुरेशी नसेल. योग्य केबल आणि लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर वापरूनही एकाच बाजूने चार्जिंग होत राहिले, तर पोर्ट बदलावा. हे बिंदू अगदी जवळजवळ असल्यामुळे ते काम गरम हवेच्या यंत्राने आणि सूक्ष्मदर्शकाखाली करणाऱ्याकडेच द्यावे. तोवर लॅपटॉपला चार्जिंग स्वीकारणारा दुसरा टाइप-सी पोर्ट असल्यास तो वापरावा.